बांधावरचे पांडव

सिद्धप्पाचा आवाज तीन रानं ओलांडून जातो, हे होटगीकडच्या त्या शिवारात कुणालाही विचारावं. तो आपल्या बैलाला 'चल' म्हणाला की शेजारच्या रानातला बैल मान उचलायचा. त्यामुळं त्या सकाळी त्यानं बांधावर उभं राहून हाक मारली, तेव्हा वांगी तोडत बसलेला महिपती ताडकन उठला.

"म्हैपत्याऽ, हिकडं ये. हाय तसा ये."

महिपती होता तसा गेला. पाय चिखलानं भरलेले, धोतराचा काचा वर खोचलेला, हातात अजून एक वांगं. बांधावर दगडांची रांग मांडलेली होती. कुणी मुठीएवढा, कुणी नारळाएवढा, एकाला एक टेकवून ठेवलेले. रांग बांधाच्या कडेनं पार सिद्धप्पाच्या वाटेपर्यंत गेली होती.

"काय हाय हे?"

"दगडं हायत, अण्णा."

"दगडं हायत ते मलाबी दिसतंय. नीट बघ. ह्या पाचावर चुना दिसतोय का? माझं पांडव हायत हे. लिंबाखालनं आपल्या पायानं चालत आलं व्हय हितं?"

महिपतीनं बघितलं आणि वांगं नकळत धोतराला पुसलं. वेळ अमावस्येला रानात पाच दगड मांडायचे, त्यांना चुना फासायचा आणि पांडव म्हणून पुजायचं, ही त्या मुलखाची चाल. सण झाला की ते दगड झाडाखाली पडून राहतात. वर्षभर कुणी त्यांच्याकडं ढुंकूनही बघत नाही, पण कुणी हलवले म्हणजे मात्र ते एकदम देव होतात.

"पोरीनं आनलं असत्याल, अण्णा. तिला काय कळतंय?"

"तिला कळत न्हाय. तुला कळतंय की." सिद्धप्पानं काठी रांगेवरून फिरवली. "आज दगडं मांडायची. उद्या त्येच्यावर माती वडायची. परवा म्हनायचं, बांध हितंच हुता. येडी पोरगी फुडं घालून बांध कोरतोस व्हय रं?"

बहात्तरचा दुष्काळ मागं पडून दोन पावसाळे झाले होते. दुष्काळात हेच दोघं एका रस्त्याच्या कामावर शेजारी बसून खडी फोडत होते आणि एका तंबाखूच्या पुडीत चिमूट घालत होते. तेव्हा बांधावरून भांडायला कुणाला सवड नव्हती. आता जोंधळा छातीला लागला होता आणि माणसांना आपापले बांध आठवले होते.

महिपती कुणाशी भांडणारा गडी नव्हता. त्याचा स्वभाव गरीब, असं लोक म्हणत. त्याची बायको मुक्ताबाई म्हणायची, भित्रा. दोघांचंही खरं होतं. त्यानं खाली बसून ते पाच दगड उचलले, पोटाशी धरले आणि वाटेच्या टोकाला असलेल्या लिंबाखाली नेऊन ठेवले. सिद्धप्पा काठी टेकून त्याच्या मागं मागं चालला.

"दुसऱ्यांदा हललं तर वाट बंद," तो म्हणाला. "सांगून ठिवतो."

वाट सिद्धप्पाच्या रानातनंच होती. महिपतीच्या वस्तीवरनं गाडी बाहेर काढायची तर तेवढीच एक जागा. दुसऱ्या अंगाला ओढा, त्यात माणूस उतरेल पण गाडी नाही. आजवर वाट कुणाची, हा प्रश्न कुणी काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचातला एक पांडव पुन्हा रांगेत बसला होता.

बनी नऊ वर्षांची होती. नाव बनाबाई, महिपतीच्या आजीचं. पोर दिसायला देखणी, टपोऱ्या डोळ्यांची, पण ते डोळे कधी कुणाच्या डोळ्याला लागायचे नाहीत. बोलायची नाही. तोंडातल्या तोंडात एकच सूर धरून गुणगुणायची, मोटेचं चाक दुरून कुरकुरावं तसा. भाकरी कोरडी खायची, तीही वरचा पापुद्रा काढून दिली तर. कालवणाचा शिंतोडा पडला की ताट उडालंच म्हणून समजा. अंगाला एकाच छिटाचा परकर चालायचा. तो धुवायला टाकला की पोर उघडी हिंडायची, म्हणून मुक्ताबाईनं सोलापूरला जाऊन नवी पेठ पालथी घातली आणि त्याच छिटाचं कापड आणून दुसरा शिवला.

आधी ते गावात राहायचे. गावात लग्नाची हलगी वाजली, कुणी भोंगा लावला, की पोर भिंतीवर डोकं आपटायची. शेजारणी दारात जमायच्या. मग देवऋष्यानं लिंबं उतरवली आणि सोलापूरच्या डॉक्टरानं कानात बत्ती मारून बघितलं. देवऋषी म्हणाला, बाहेरचं आहे. डॉक्टर म्हणाला, कान चांगले आहेत. पुन्हा या म्हणून दोघांनीही सांगितलं. शेवटी महिपतीनं आईला धाकट्या भावाकडं ठेवलं आणि बायको-पोरीला घेऊन रानात येऊन राहिला. तिथं हलगी नव्हती, शेजारणीही नव्हत्या.

रानात आल्यापासून बनीनं आपली एक चाल धरली. सकाळी भाकरी खाल्ली की दारातनं निघायचं, वांग्याच्या वाफ्यांमधनं बांधावर, बांधाच्या कडेनं वाटेला, वाटेनं लिंबापर्यंत. लिंबाच्या खोडाला दोन्ही तळवे लावायचे, एक दगड उचलायचा, आल्या वाटेनं माघारी यायचं आणि तो रांगेला लावायचा. पाऊस असो, चिखल असो. ही चाल झाली की दिवसभर पोर शांत असायची. नाही झाली तर त्या दिवसाचं नाव काढायचं नाही.

तरी एक माणूस तिच्यामागं लागायचंच. महिपती मोटेवर असला की मुक्ताबाई बनीच्या मागं, मुक्ताबाई खुरपायला बसली की महिपती. जेवायला एक बसला की दुसरा उभा. लग्नाकार्याला एकानं जायचं. मुक्ताबाईच्या धाकट्या भावाचं लग्न अक्कलकोटला झालं, तेव्हा महिपती एकटा अहेर घेऊन गेला आणि तिनं भावाचं लग्न चुलीपुढं बसून केलं. नवरा-बायको एका वेळी बसून शेवटी कधी जेवली होती, ते दोघांनाही आठवत नव्हतं.

सिद्धप्पानं शब्द पाळला. वाटेच्या तोंडाला बाभळीच्या काट्या ओढल्या, चांगल्या माणूसभर उंच.

महिपती संध्याकाळी त्याच्या वाड्यावर गेला. सिद्धप्पा सोप्यात पाट टाकून बसला होता. एरवी 'ये, बस' म्हणायचा. आज त्यानं गड्याकडनं पाय दाबून घेतच विचारलं, "काय?"

"अण्णा, वांगी तोडून ठिवल्याती. उद्या बाजार हाय. गाडी कुटनं काडू?"

"वड्यातनं काड."

"वड्यातनं गाडी येत न्हाय."

"मग डोक्यावर ने."

सिद्धप्पाची बायको चंद्रव्वा आतनं चहाची कपबशी घेऊन उंबऱ्यापर्यंत आली. सिद्धप्पानं नुसतं तिच्याकडं बघितलं. ती कपबशी घेऊन तशीच आत वळली. महिपती पायरीच्या खालीच उभा होता. आपल्याला आत बोलावलेलं नाही, हे त्याला आत्ता कळलं.

"हे बघ म्हैपती," सिद्धप्पा जरा खालच्या आवाजात म्हणाला, म्हणजे घरभर ऐकू जाईल एवढ्याच. "माझं तुझ्याशी वाकडं न्हाय. ती पोरगी बांधून घाल. ती माझ्या बांधाला, माझ्या देवाला शिवली न्हाय म्हंजे झालं. वाट तुझी."

"बांधून?"

"मग काय करतोस? द्वाड जनावराच्या गळ्यात आपन लोढनं घालतोच की."

महिपती घरी आला. मुक्ताबाईनं विचारलं, काय म्हणाला. त्यानं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं हातातली भाकरी मोडली, परत गोळा केला आणि परत थापायला घेतली.  

सकाळी त्यानं बैलांचा कासरा घेतला. पोरीच्या पायात आधी फडकं गुंडाळलं, त्यावर कासऱ्याची गाठ मारली आणि दुसरं टोक छपराच्या मेढीला बांधलं. गाठ दोनदा मारावी लागली. बनी गाठीकडं बघत होती. मग ती उठून दाराकडं निघाली आणि कासरा ताणला तशी जागीच थांबली. परत निघाली, परत थांबली. महिपतीनं गाडी जुंपली. वाटेच्या तोंडाशी सिद्धप्पाच्या गड्यानं काट्या बाजूला ओढून ठेवल्या होत्या.

वांगी बरी गेली. बाजारातनं त्यानं शेव घेतली, ती बनी एकेक करून खायची. दुपार कलताना तो वस्तीवर आला, तेव्हा मुक्ताबाई मेढीजवळ बसली होती आणि पोर दोरी ताणेल तेवढ्या लांब, वाटेकडं तोंड करून पुढं-मागं झुलत होती. फडकं सुटलं होतं. घोट्याला लाल वळ उठला होता आणि एका ठिकाणी कातडं गेलं होतं. सकाळची भाकरी पापुद्रा काढलेली तशीच ताटात होती. त्यानं शेवेची पुडी पुढं केली. तिनं बघितलंही नाही.

"गाडी गेली का बाजाराला?" मुक्ताबाईनं विचारलं.

"गेली."

"मग आता पुढल्या बाजारी पोरगीबी घाला गाडीत. या कुटंतरी सोडून. म्हंजे दोरीबी लागायची न्हाय."

महिपतीनं पुडी ताटाशेजारी ठेवली आणि तो बैल सोडायला गेला. 

पोर अशी बांधलेली राहिली, रोज. तिनं आरडाओरडा केला असता तर महिपती त्याला सरावलेला होता. पण तिनं काहीच केलं नाही. मोट हाकताना एका सकाळी त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. बैल ठीक होते, सोंदुराचा दोर ठीक होता, पाणी पाटाला नीट लागलं होतं. तरी तो दोनदा थांबला आणि कान देऊन उभा राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं. वस्तीवरनं गुणगुणणं येत नव्हतं. त्या आवाजाला त्यानं किती वेळा शिव्या घातल्या असतील, किती वेळा कानावर घोंगडं ओढलं असेल. आता तो नव्हता तर रान ओसाड वाटायला लागलं.

त्यानं बैल सोडले नाहीत, मोट तशीच विहिरीत लोंबकळत ठेवली आणि पळत वस्तीवर आला. कोयत्यानं कासरा कापायला गेला, मग चांगला कासरा कशाला वाया घालवायचा म्हणून खाली बसून गाठ सोडली. मुक्ताबाई दारात उभी राहून बघत होती.

"वाट बंद करंल तो," ती म्हणाली.

"करू दे."

"जोंधळा कापल्यावर कसा न्यायचा?"

"डोक्यावर नीन. तू गप बस आता."

ती गप्प बसली, पण तिच्या तोंडावर जे आलं ते महिपतीनं लग्नानंतर पहिल्या वर्षात बघितलं होतं, त्यानंतर आजच.

काट्या त्याच दिवशी परत वाटेवर आल्या. वांग्याची पाटी डोक्यावर घेऊन महिपती ओढ्यातनं जायला लागला. कमरेइतकं पाणी, खाली शेवाळ. दोनदा घसरला, एकदा पाटी वाहून गेली आणि खालच्या अंगाला कपडे धुणाऱ्या बायकांना फुकट वांगी मिळाली. बनीलाही त्यानं ओढ्याची वाट दाखवून बघितली. ती ओढ्याकडं वळलीच नाही. ती आपली बांधाच्या कडेनं गेली, काट्यांपाशी आली आणि तिथं वाट होती म्हणून तिथनंच आत शिरली.

महिपती धावला, तोवर ती पलीकडं गेली होती. परकराला काटे, दंडावर ओरखडे, कपाळावर एक लांब रेघ. रडत नव्हती. लिंबाला तळवे लावले, पांडवांतला एक उचलला आणि परत त्याच काट्यांतनं आली. दगड रांगेला लावला. आणि मग, किती दिवसांनी, तो एक सूर तोंडातनं निघाला.

मुक्ताबाई दुपारभर सुईनं काटे काढत बसली. अंगाला हात लावू न देणारी पोर, पण काटा काढताना बसायची. "हितं दुखतं, पर वाट मोडली की जास्त दुखत असंल," मुक्ताबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिनं ते पुसलेही नाहीत.

काट्या सिद्धप्पाच्या, रान सिद्धप्पाचं. काट्यांना हात लावला असता तर कज्जा कोर्टात गेला असता. मग महिपतीनं एकच करता येण्यासारखं होतं ते केलं. रोज सकाळी तो पायांत जाड वहाणा घालून बनीच्या पुढं निघायचा, काट्यांत आधी स्वतः शिरायचा, पायानं काटी दाबून धरायचा, पाठीनं दुसरी रेटायचा आणि पोर जाईपर्यंत तसाच उभा राहायचा. येताना परत तेच. पाठीवरचा सदरा फाटून चिंध्या झाल्या. पोर त्याच्याकडं न बघता त्याच्या काखेखालनं जायची. सिद्धप्पा आपल्या विहिरीवरनं हे बघत असायचा. हाक मारायचा नाही. एवढा मोठा आवाज असलेला माणूस गप्प बसला की शिवाराला चुकल्यासारखं व्हायचं.

एका सकाळी महिपती वहाणा घालून गेला आणि बघतो तर काट्यांत फट. पोरीच्या खांद्याएवढी, नीट कोयत्यानं तासलेली. गाडी सोडाच, महिपतीही आडवा होऊनच जाईल एवढीच. बनी काहीच घडलं नसल्यासारखी त्यातनं गेली.

"तू तासलीस?" त्यानं घरी येऊन विचारलं.

"मी? मला वाटलं तुमी."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि विषय तिथंच सोडला. चांगलं काही झालं की फार चौकशी करू नये, असं मुक्ताबाईचं मत होतं.

वेळ अमावस्या आली. मुक्ताबाईनं आदल्या दिवशीच ताकात पीठ कालवून आंबील आंबवायला ठेवली होती. पहाटे उठून तिनं तूर, हरभरा, पावटा, मिळेल ती भाजी घालून भज्जीचं पातेलं चढवलं. बाजरीचे उंडे केले. बनीसाठी वेगळी कोरडी भाकरी केली. घरचीच माणसं, कोण येणार होतं? लोक या दिवशी वाटेनं जाणाऱ्यालाही हाताला धरून रानात जेवायला नेतात, पण महिपतीच्या रानाला आता वाटच नव्हती.

आणि तेवढ्यात फटीतनं एक हात आला, मग चुन्याची डबी, मग एक फेटा अडकला, आणि मग कुणीतरी कन्नडात काहीतरी पुटपुटलं. सिद्धप्पा फटीत अडकला होता.

महिपती धावत गेला. काटी धरली. सिद्धप्पा फेटा सावरत बाहेर आला. त्याच्या मागं चंद्रव्वा डोक्यावर बुट्टी घेऊन पलीकडंच उभी होती. बुट्टी काही त्या फटीतनं येणार नव्हती.

"माझं पांडव न्यायला आलोय," सिद्धप्पा कुणाकडंही न बघता म्हणाला. "सन हाय. पूजा कशाची करू?"

पाचही पांडव रांगेत होते. बनी रांगेच्या शेजारी उकिडवी बसली होती. सिद्धप्पा वाकला, त्यानं एक दगड उचलला. गुणगुणणं थांबलं. पोरीनं दोन्ही हात कानांवर घेतले आणि झुलायला लागली, आधी हळू, मग जोरात. महिपती पुढं झाला.

"थांबा अण्णा. ठिवा तो. मी दुसरं दगड आनून देतो, सांगाल तसलं."

"दुसरं कशाला? देव काय वांगी हायत, ही न्हाय तर ती?" असं म्हणत सिद्धप्पानं दगड होता तिथं ठेवला. पोर हळूहळू थांबली. तो कमरेवर हात देऊन रांगेकडं बघत राहिला. मग रांगेच्या कडेकडेनं चालायला लागला. आजवर त्यानं रांगेचं आपल्या बाजूचंच टोक बघितलं होतं. आज तो उलट्या दिशेनं गेला. रांग बांधावरनं खाली उतरली आणि महिपतीच्या वांग्याच्या वाफ्यात शिरली. ऐन वाफ्याच्या मधोमध. तिथं वांगी नव्हती. दगडांच्या दोन्ही बाजूंनी पाऊलभर जमीन सोडलेली होती, पाण्याचा पाट तिथं वळवून घेतलेला होता. रांग तशीच वस्तीच्या दारापर्यंत गेली होती.

"हे काय? आपल्याच वाफ्यात वाट सोडलीस?"

"सोडली."

"वांगी गेली की एवड्यातली."

"गेली. पर ती हितनंच चालती, अण्णा. दुसरीकडनं जात न्हाय."

सिद्धप्पा दाराजवळ पोचला. रांगेचे पहिले पाच दगड चुन्याचे होते. कालच लावलेला, ताजा चुना. त्यांच्यावर ज्वारीच्या पेंढ्यांची इवलीशी कोप उभी केलेली होती, पोराटोरांनी खेळात केल्यासारखी.

"आन हे कुनाचं?"

महिपतीनं मान खाली घातली. ही गोष्ट त्यानं सख्ख्या आईलाही सांगितली नव्हती. "आमचं पांडव. तिनं कवाच उचलून आनलं. परत ठिवलं की परत आनायची. मग आमी म्हनलं, राहू दे. दोन वर्सं झाली, आमी हितंच पूजतो."

"रांगंत?"

"रांगंत."

 सिद्धप्पानं वाकून कोपीची एक कलंडलेली पेंढी सरळ केली. "आन देव काय म्हनला?"

"काय न्हाय. पीक आलं की."

ते तर खरंच होतं. महिपतीचा जोंधळा सिद्धप्पाच्या जोंधळ्याला खांदा लावून उभा होता. सिद्धप्पानं तो एकदा बघितला, आपला एकदा बघितला आणि आपल्या रानाकडं तोंड करून हाक मारली. बनी दचकली, कानांवर हात गेले. त्यानं अर्ध्यातच हाक गिळली, बांधापर्यंत चालत गेला आणि हळू आवाजात गड्याला सांगितलं, "काट्या वड त्या. सगळ्या. अव्वाला येऊ दे बुट्टी घिऊन. आन पेंढ्या आन हितं बांधावर."

गड्याला दोनदा सांगावं लागलं. मालक एवढं हळू बोलू शकतो, हे त्याच्या कानाला पटत नव्हतं.

कोप बांधावरच उभी राहिली, पांडव होते तिथंच, रांगेत. आडोशाला पेंढ्या टेकवल्या, पण वारा होता, त्या सुटायला लागल्या. "एकांदी दोरी हाय का रं?" सिद्धप्पानं विचारलं. महिपती छपरात गेला. मेढीला तो कासरा अजून लटकत होता. त्यानं तो आणला. मुक्ताबाईनं त्याच्या हातातनं घेतला आणि स्वतः पेंढ्यांभोवती गुंडाळून गाठ मारली, पक्की, परत सुटणार नाही अशी. हा कासरा कुठला, याची सिद्धप्पाला कल्पना नव्हती. तो दगडांना चुना फासत होता आणि बनी त्याच्या बोटांकडं बघत होती. दगड जागचा हलत नव्हता, तेवढ्यावर तिचं समाधान होतं.

पूजा झाली. चंद्रव्वानं बुट्टी उघडली. शेंगापोळ्या, भज्जी, दही. मुक्ताबाईनं आपलं पातेलं आणून शेजारी ठेवलं. महिपती सवयीनं पोरीजवळ उभा राहिला आणि बायकोला म्हणाला, "तू बस आदी."

"दोघंबी बसा," चंद्रव्वा म्हणाली. "पोरीकडं मी बघते."

"नको अव्वा, ती कुनाचं ऐकत न्हाय."

"मी कुटं तिला काय सांगनार हाय? नुस्ती बसते की." ती बनीपासून चार हात लांब, रांगेच्या पलीकडं मांडी घालून बसली आणि आपणही चार खडे एकाला एक लावायला लागली. बनीनं तिच्याकडं बघितलं नाही. पण उठूनही गेली नाही.

महिपती बसला. शेजारी मुक्ताबाई बसली. पहिला घास घेताना दोघांनाही उगाच लाजल्यासारखं झालं, नव्या नवरा-नवरीसारखं. मुक्ताबाईनं भज्जीत उंडा चुरला, आंबील ओरपली, परत मागून घेतली. घाई नव्हती. उठून जावं लागणार नव्हतं. तिचं जेवण संपता संपत नव्हतं आणि महिपती आपला घास हातात धरून तिच्याकडं बघत राहिला.

"ती फट कुनी पाडली, अव्वा?" मुक्ताबाईनं हळूच विचारलं.

"कोन पाडनार? हेच." चंद्रव्वानं नवऱ्याकडं हनुवटी उडवली. "तांबडं फुटायच्या आत कोयता घिऊन गेलते. हातात काटा मोडला तर मलाच काडाय लावला. वर म्हनत्यात, कुनाला बोलू नगंस."

"वारं सुटाय पायजे म्हनून पाडली," सिद्धप्पा ताटात बघत म्हणाला. "जोंधळ्याला वारं लागतं."



ऊन कललं तशी आंबील शिंपायची वेळ झाली. मडक्यातली आंबील लिंबाच्या डहाळीनं पिकावर शिंपडत शेताला फेरी घालायची आणि घालताना रानभर घुमेल अशी आरोळी द्यायची, ही रीत. सिद्धप्पाची आरोळी म्हणजे शिवाराचा अभिमान होता. पार होटगीच्या फाटकापर्यंत जाते म्हणत. इतर रानांतनं आरोळ्या उठायला लागल्या होत्या, पण त्या लांब होत्या, वाऱ्यावर विरून येत होत्या. बनी रांगेशेजारी बसून गुणगुणत होती. सिद्धप्पानं मडकं खांद्यावर घेतलं, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं आणि पोरीकडं बघून तसाच थांबला.

महिपती म्हणाला, "द्या आरोळी, अण्णा. मी तिला छपरात घिऊन जातो तवर. सनाचा दिस हाय."

"बस तू. जेव." सिद्धप्पानं डहाळी आंबिलीत बुडवली. मग साठीला आलेला, तीन रानांना ऐकू जाणारा तो गडी बांधाच्या कडेनं चालायला लागला, जोंधळ्याच्या ताटांवर आंबील शिंपडत, आणि वाडवडिलांची ती आरोळी कुणाच्या कानात गुपित सांगावं तशी पुटपुटत. चंद्रव्वानं पदर तोंडाला लावला. गडी तर पाठ फिरवून हसत होता. सिद्धप्पा लाल झाला, पण त्यानं आवाज चढवला नाही.

आपल्या रानाची फेरी संपली तेव्हा मडक्यात आंबील उरली होती. तो क्षणभर थांबला, मग बांध ओलांडून महिपतीच्या जोंधळ्यात शिरला आणि तिथंही तसाच हळू पुटपुटत शिंपायला लागला. बनी उठली. रांगेच्या कडेनं, आपल्या नेहमीच्या वाटेनं, मोकळ्या झालेल्या वाटेच्या तोंडातनं ती लिंबाकडं निघाली. तिच्यामागं आज कुणीच उठलं नाही. मुक्ताबाईनं महिपतीच्या ताटात आणखी एक उंडा वाढला आणि तो खाली मान घालून जेवत राहिला.